तांबे अतिसंवाहक का होत नाही

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत अतिसंवाहक पदार्थांवर, म्हणजे ज्यांतून वीज कसल्याही रोधाशिवाय वाहते अशा पदार्थांवर, आलेला लेख मी लक्षपूर्वक दोनदा वाचला. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी वाचकांपुढे असा विषय सोप्या भाषेत येतो, याचा पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला फार आनंद होतो. परंतु त्या लेखात जो धातू वीज चांगली वाहून नेतो तोच पुरेसा थंड केल्यावर अतिसंवाहक होतो, असे सांगितले होते आणि त्यावरून पुढेमागे आपल्या तांब्याच्या तारा थंड करून वीज विनाखर्च वाहून नेता येईल, असा निष्कर्ष काढला होता. हे बरोबर नाही. चूक एका वाक्याची असली, तरी ती दुरुस्त करताना या विषयातला सर्वांत सुंदर भाग आपोआप समोर येतो, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

लेख आला त्याच आठवड्यात मी बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसलो होतो. कुणा शेतकऱ्याची जळालेली मोटार उघडून ठेवली होती, जुने वाइंडिंग कापून काढले होते आणि वार्निशचा करपट वास दुकानभर पसरला होता. नव्या वाइंडिंगसाठी २२ गेजची तार हवी होती, ती संपली होती, म्हणून त्याने क्षणाचाही विचार न करता २५ गेजच्या दोन तारा एकत्र घेतल्या. मी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, तीन गेज बारीक, की डबल तार. हे आमचं पाठच आहे." मी मायक्रोमीटर हातात घेऊन मोजले. २२ गेजच्या तारेचा व्यास ०.७११ मिलिमीटर आणि २५ गेजचा ०.५०८ मिलिमीटर असतो. पहिल्याचा वर्ग ०.५०६ येतो आणि दुसऱ्याच्या वर्गाची दुप्पट ०.५१६ येते, म्हणजे तांब्याचा छेद जवळजवळ तेवढाच राहतो आणि रोधही तेवढाच राहतो. व्यास दुप्पट झाला की रोध चौथाई होतो, हा नियम तो कागदावर न मांडता रोज वापरतो. तार कोणत्या कारखान्यातून आली आणि मोटार किती अश्वशक्तीची आहे, याच्याशी त्या नियमाला कर्तव्य नसते. एक राशी वाढली की दुसरी कोणत्या पटीत बदलते, एवढेच सांगणाऱ्या अशा नियमाला आपण प्रमाणनियम म्हणू. तोच नियम एकमेकांशी काही नाते नसलेल्या पदार्थांनाही लागू पडला, तर त्याला सार्वत्रिक म्हणायचे.

आपला लेख त्यानेही वाचला होता. त्याने मला सरळ विचारले, "सर, तांब्याहून चांगली वीज नेणारं आमच्याकडं दुसरं काही नाही. मग प्रयोगशाळेत त्या काळ्या कौलासारख्या तुकड्यातून वीज बिनरोध जाते आणि तांब्यातून का जात नाही?" ज्या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे खर्च केली, तो प्रश्न त्याने हातातली तार न सोडता विचारला होता.

वस्तुस्थिती अशी आहे की तांबे, चांदी आणि सोने हे विजेचे सर्वांत उत्तम वाहक धातू आजवर गाठता आलेल्या कोणत्याही तापमानाला अतिसंवाहक झालेले नाहीत. उलट शिसे, ज्याची रोधकता घरगुती तापमानाला तांब्याच्या सुमारे बारापट असते, ते ७.२ केल्विनला अतिसंवाहक होते. १९११ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत ही घटना प्रथम दिसली, ती पाऱ्यात, आणि पाऱ्याची रोधकता तर तांब्याच्या पन्नासपटीहून अधिक आहे. त्यांनी १९०८ मध्ये हेलियमचे द्रव करून दाखवले होते, म्हणूनच ४.२ केल्विनपर्यंत म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत पारा थंड करणे त्यांना शक्य झाले. त्या तापमानाला पाऱ्याचा रोध हळूहळू कमी न होता एकदम नाहीसा झाला. वाईट वाहक चांगला अतिसंवाहक होतो, हे ऐकायला विचित्र वाटते, परंतु त्याचे कारण समजले की ते सरळ वाटू लागते.

धातूतून इलेक्ट्रॉन जात असतात तेव्हा कंप पावणाऱ्या अणूंशी ते धडकतात आणि त्या धडकांमुळेच रोध निर्माण होतो. तांब्यात इलेक्ट्रॉन आणि अणूंची कंपने यांचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही, म्हणून तांबे उत्तम वाहक आहे. शिशात हा संबंध घट्ट असतो. पण इलेक्ट्रॉनच्या जाण्याने अणूंचे जाळे किंचित आत ओढले जाते आणि त्या ओढीमुळे मागून येणारा दुसरा इलेक्ट्रॉन पहिल्याशी जोडला जातो, तेव्हा ही जोडी बांधणारी शक्तीही त्याच संबंधातून येते. जी गोष्ट उष्ण असताना अडथळा करते तीच थंडीत जोड्या जमवते. तांब्यातला संबंध इतका सैल आहे, की जोड्या बांधण्याइतकी ताकद त्यात नाही.

जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी १९५७ मध्ये हा सिद्धांत मांडला आणि १९७२ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. त्यातून निघालेली एक संख्या मला आजही थक्क करते. इलेक्ट्रॉनची जोडी तोडायला लागणारी ऊर्जा घेतली आणि तिला संक्रमण तापमानाशी, म्हणजे ज्या तापमानाला पदार्थ अतिसंवाहक होतो त्याच्याशी, निगडित असलेल्या उष्णतेच्या ऊर्जेने भागले, तर उत्तर धातू कोणताही असो ३.५३ यायला हवे, असे तो सिद्धांत सांगतो. धातूची घनता, अणूचे वजन, त्याचा वितळणबिंदू यातले काहीही या संख्येत येत नाही.

माझी नात यंदा पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षात, म्हणजे अकरावीत, विज्ञान शाखेला आहे. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली. एका संध्याकाळी मी तिला पुस्तकातली मापे दिली आणि वहीत भागाकार करायला बसवले. कथिलाचे संक्रमण तापमान ३.७२ केल्विन आणि जोडी तोडण्याची ऊर्जा १.१५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट, उत्तर ३.६ आले. ॲल्युमिनियमचे ३.३ आले. दोन्ही उत्तरे ३.५३ च्या आजूबाजूला पाहून ती खूश झाली. मग शिशाचे ४.४ आणि पाऱ्याचे ४.६ आले, तेव्हा तिचा चेहरा उतरला आणि आपलाच भागाकार चुकला असे समजून तिने तो दोनदा पुन्हा केला. तो चुकलेला नव्हता. शिसे आणि पारा यांच्यात इलेक्ट्रॉन व अणूंची कंपने यांचा संबंध इतका घट्ट आहे, की १९५७ चे साधे गणित तिथे अपुरे पडते आणि त्याचे सुधारित रूप वापरावे लागते. ज्यांच्याबाबत नियम थोडा ढळतो ते नेमके जास्त घट्ट संबंधाचे धातू आहेत, हे तिच्या लक्षात आले तेव्हा तिने वहीत शिशाच्या आकड्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले. "आजोबा, चुकीतसुद्धा नियम आहे," असे ती म्हणाली. मला वर्गात कधी याहून चांगले उत्तर मिळाल्याचे आठवत नाही.

आता त्या काळ्या कौलासारख्या तुकड्याकडे वळतो. १९८६ मध्ये झुरिक येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांना लँथेनम, बेरियम, तांबे व ऑक्सिजन यांच्या संयुगात ३० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता दिसली. पुढच्याच वर्षी यिट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांचे संयुग ९० केल्विनच्या वर अतिसंवाहक झाले. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, त्यामुळे महागड्या हेलियमची गरजच उरली नाही. गंमत पाहा, तांबे एकटे असताना जे करत नाही ते ऑक्सिजनच्या संगतीत चिनीमातीसारख्या ठिसूळ पदार्थात करते, आणि हा पदार्थ नेहमीच्या तापमानाला तांब्याच्या मानाने शंभराहून अधिक पट वाईट वाहक असतो. इथे १९५७ चा जोडी जमवण्याचा मार्ग पुरत नाही. इलेक्ट्रॉन जोडीनेच जातात हे पक्के आहे, परंतु त्यांना कोण जोडते यावर अजून एकमत नाही.

आणि तरीही या न समजलेल्या पदार्थांमध्ये नियम सापडले. १९८९ मध्ये जपानी वंशाचे शास्त्रज्ञ यासुतोमो उएमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्यूऑन नावाचे अल्पायुषी कण वापरून एक राशी मोजली. अतिसंवाहकात चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागापासून अगदी थोडे आत शिरते, आणि ते जितके कमी आत शिरते तितका बिनरोध प्रवाह दाट असतो. या दाटपणाला आपण अतिप्रवाहाची घनता म्हणू. ज्या संयुगांत वाहक, म्हणजे वीज वाहून नेणारे मोकळे कण, कमी आहेत त्यांच्यात ही घनता आणि संक्रमण तापमान एकाच सरळ प्रमाणात वाढतात, असे त्यांना दिसले. परंतु वाहकांची संख्या वाढत गेली की बिंदू त्या रेषेवरून घसरू लागतात.

जुलै २००४ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील ख्रिस्तोफर होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून व्यापक नियम प्रसिद्ध केला. पदार्थावर अवरक्त प्रकाश टाकून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावरून त्यांनी अतिप्रवाहाची घनता काढली. तिच्याशी त्यांनी नुसते संक्रमण तापमान न जोडता, ते तापमान आणि त्याच्या किंचित वर असताना पदार्थाची जी साधी संवाहकता असते ती, या दोहोंचा गुणाकार जोडला. हजारो पटींच्या पल्ल्यावर सगळे बिंदू एका रेषेवर आले. वाहक कमी असोत वा जास्त, रेषा तीच राहिली. शिसे आणि निओबियम हे जुने धातूही तिच्या जवळ येऊन बसले.

या नियमातली एक गोष्ट मला विशेष वाटते आणि ती वाचकांनी जरा थांबून पाहावी. यिट्रियमच्या त्या संयुगात तांबे व ऑक्सिजन यांचे थर एकावर एक रचलेले असतात, जशी भाकऱ्यांची चवड असावी. थराच्या पातळीत प्रवाह सहज जातो, एका थरातून दुसऱ्या थरात मात्र कष्टाने. पातळीतल्या प्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र सुमारे १५० नॅनोमीटरच आत शिरते, तर थरांच्या आरपार जाणाऱ्या प्रवाहाच्या बाबतीत ते जवळपास एक मायक्रोमीटर, म्हणजे १,००० नॅनोमीटर शिरते. अतिप्रवाहाची घनता या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून दोन दिशांमध्ये तिचा फरक चाळीसएक पटींचा होतो. संक्रमण तापमान मात्र दोन्ही दिशांना एकच असते, कारण तुकडा एकच आहे. त्यामुळे नुसत्या तापमानावर आधारलेला कोणताही नियम इथे टिकणे शक्य नव्हते. परंतु आरपार दिशेची साधी संवाहकताही साधारण त्याच मानाने कमी असते, आणि गुणाकार केला की दोन्ही बिंदू त्याच रेषेजवळ येतात. शितावरून भाताची परीक्षा करतात तशी एकाच तुकड्याच्या दोन दिशांवरून नियमाची परीक्षा इथे होते.

याचे कारण काय, यावरही थोडे लिहिले पाहिजे. संवाहकता म्हणजे वाहकांची संख्या आणि दोन धडकांमधला सरासरी वेळ यांचा गुणाकार, असे ढोबळपणे म्हणता येते. त्यातल्या वाहकांचा ठरावीक हिस्सा जर अतिप्रवाहात सामील होत असेल, तर अतिप्रवाहाच्या घनतेला संवाहकतेने भागल्यावर उरते ते त्या वेळेचे व्यस्त. होम्स यांचा नियम सांगतो की हा भागाकार संक्रमण तापमानाच्या प्रमाणात असतो, म्हणजेच संक्रमणाच्या क्षणी धडकांमधला वेळ तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लायडन विद्यापीठातील यान झानन यांनी त्याच वेळी दाखवून दिले, की प्लांकचा स्थिरांक (पुंज भौतिकीतली मूलभूत संख्या) आणि तापमान यांतून बनणारा हा वेळ निसर्गात शक्य असलेल्या सर्वांत लहान वेळांपैकी असावा. १०० केल्विनला तो किती येतो, हे मी स्वतः हिशेब करून पाहिले. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातील एका भागाचाही सुमारे तेरावा हिस्सा येतो. ज्या पदार्थांमध्ये इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने आपली ऊर्जा वाटून टाकतात, ते साहजिकच वाईट वाहक असतात, आणि अतिप्रवाहाची घनता तीच धरली तर जितका वाईट वाहक तितके संक्रमण तापमान अधिक. माझ्या माजी विद्यार्थ्याच्या प्रश्नाला यात उत्तर आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या साध्या धातूंत अशुद्धीमुळे इलेक्ट्रॉन फार धडकतात, तिथे १९५७ च्या सिद्धांतातूनही हाच गुणाकार मिळतो, म्हणून केवळ ही रेषा दिसली यावरून नव्या भौतिकीचा निर्णय होत नाही. शिवाय असे आलेख लॉग-लॉग कागदावर काढतात, जिथे प्रत्येक ठळक रेघ मागच्या रेघेच्या दहापट असते. मी नातीला तो कागद देऊन एक बिंदू मुद्दाम दुपटीने चुकवून मांडायला लावला, आणि पाच दशमान पटींचा पल्ला असताना तो रेषेवरून जेमतेम बाजूला सरकलेला दिसला. सरळ रेषा दिसली की भारावून जाणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून पाहावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

नियम जिथे अडखळतात तिथली दोन उदाहरणे देतो. ब्रुकहेवनमध्येच इव्हान बोझोविच यांच्या गटाने लँथेनम, स्ट्रॉन्शियम, तांबे, ऑक्सिजन यांचे दोन हजारांहून अधिक पातळ थर अतिशय शुद्ध स्वरूपात बनवले आणि २०१६ मध्ये दाखवले, की वाहक फार वाढवले तर ते अतिप्रवाहात सामील होण्याऐवजी त्याची घनता उलट घटत जाते. याचे कारण अजून वादात आहे. दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ च्या अखेरीस शुद्ध बिस्मथच्या स्फटिकात ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली अतिसंवाहकता सापडल्याचे जाहीर केले. बिस्मथमध्ये सुमारे एक लाख अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. इतक्या विरळ वाहकांत जोड्या जमाव्यात, हे नेहमीच्या सिद्धांतात बसत नाही. कुलाब्यात सापडलेली ही गोष्ट मराठी वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर यायला हवी होती, असे मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते.

त्याऐवजी जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातून आलेल्या एलके-९९ या पदार्थाच्या बातमीने सगळीकडे जागा व्यापली. घरगुती तापमानाला अतिसंवाहकता सापडली, असा तो दावा होता. काही आठवड्यांतच तो टिकला नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी तो पदार्थ बनवून पाहिला गेला आणि रोध एकदम घटल्याचे जे दिसत होते, ते नमुन्यात मिसळलेल्या तांब्याच्या सल्फाइडच्या १०४ अंश सेल्सिअसजवळच्या रचनाबदलामुळे होते, हे उघड झाले. अशी बातमी आली की रोध शून्य झाला का, चुंबकीय क्षेत्र बाहेर फेकले गेले का आणि पदार्थाची मापे या जुन्या रेषांच्या जवळ येतात का, हे तीन प्रश्न बातमीदाराने विचारावेत. त्यातील शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तो विचारण्यासाठी लागणारी माहिती इतकीच आहे, जितकी या पत्रात आली.

आपणांस विनंती अशी, की तांब्याविषयीच्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी पुरवणीत छापावी आणि जमल्यास होम्स यांच्या आलेखाचे मराठी नावांसह एक साधे चित्रही द्यावे. आपल्या भागातील शेकडो मुले मराठी माध्यमातून दहावी करून पी.यू.सी.ला इंग्रजीत विज्ञान शिकायला जातात. पहिल्या काही महिन्यांत कल्पना समजत असूनही शब्द न समजल्याने ती मुले मागच्या बाकावर गप्प बसतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. रोधकता, संवाहकता, संक्रमण तापमान हे शब्द एखाद्या चित्राखाली त्यांनी आपल्या भाषेत वाचलेले असले, तर तोच विषय इंग्रजीत आल्यावर ती घाबरत नाहीत. चित्र काढून देण्याचे काम मी आनंदाने करीन. माझ्या नातीने काढलेला लॉग-लॉग कागद, शिशाभोवतीच्या वर्तुळाच्या वहीच्या पानासह, सोबत जोडला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव